वैधता: सात दिवस

एकोणीस वर्षं या खिडकीत बसून
मी लोकांना डोंगर वाटत आले.
नाव, देश, रक्तगट, काही झालं तर कुणाला कळवायचं.
मग शिक्क्यावरचं तारखेचं चाक फिरवायचं
आणि जांभळ्या शाईची एक थाप.
सगळ्यांना ठासून सांगायचे, वर बर्फ आहे, हातमोजे घ्या.
मी तो कधी हातात घेतलेला नव्हता.

बाबा अंगणात रुवेन्झोरीकडे तोंड करून बसतात.
रोज सकाळी विचारतात, "कबुघो, पांढरं दिसतंय का गं?"
रोज मी म्हणते, ढग आहेत.
ढग असतातच.
पण त्यांना मोतीबिंदू झालाय,
आणि ते हट्टानं म्हणतात,
डोळे शाबूत आहेत, वरचंच काहीतरी कमी झालंय.
कुंपण नव्हतं तेव्हा ते अनवाणी गेलेले,
हायरॅक्सच्या मागावर, भाजलेल्या अळकुड्यांची पुरचुंडी घेऊन.
कुणी कागद मागितला नाही.
मागितला असता तर वाचता आला नसता.

तेव्हा मी माझाच अर्ज भरला.
माझ्याच खिडकीतून आत सरकवला
आणि वळसा घालून आत येऊन उचलला.
ट्वेसिग्ये साहेब म्हणाले, कर्मचाऱ्यांना सवलत नाही.
तीन पगार मोजले.
म्हणाले, पूल वाहून गेलाय, पुढच्या महिन्यात जा.
पुढच्या महिन्यात पाऊस काय रजेवर जाणार होता?
सात दिवसांचा शिक्का बसला.
त्यातले दोन नदी उतरायची वाट बघण्यात गेले,
ओल्या बाकावर, आल्याचा चहा पीत.
मुदत मात्र चालूच.

मसेरेका पुढे, मी मागे,
उसने रबरी बूट, एक साताचा, एक आठाचा.
चिखल असा, की पाय परत मागितला
तर बूट ठेवून घेतो.
गवताच्या एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर उडी,
चुकली की मांडीपर्यंत आत.
झाडांना हिरव्या दाढ्या,
माणसाहून उंच लोबेलिया,
कधीच न पेटलेल्या रस्त्यावरच्या दिव्यांसारखे.
रात्री हायरॅक्स ओरडला, गंजकं दार उघडावं तसा.
मसेरेका म्हणाला, वर राहतो त्याचं नाव मोठ्यानं घेऊ नकोस.
मी म्हटलं, त्याच्याकडे परवाना आहे का?
तो हसला नाही.

पाचव्या संध्याकाळी शेवटची झोपडी.
पत्र्यावर गारा,
कुणी पोतंच्या पोतं वाटाणे ओतत असावं तशा.
पहाटे तीनला निघालो.
खडक साबणासारखा, बॅटरीच्या उजेडात पाऊस आडवा.
साडेचारला समोर काहीतरी मोठं, करडं,
गार श्वास सोडणारं.
"हाच का बर्फ?"
"असेल. मागल्या वर्षी ही शिडी त्याच्यावर टेकली होती."
शिडीचे खालचे पाय हवेत होते.
मसेरेकानं शिडी पाहिली, मग आभाळ, मग माझे बूट.
"खाली."
अजून एक तास, मी म्हटलं. अर्धा.
"उद्या संध्याकाळपर्यंत फाटकावर," तो म्हणाला.
"शिक्का तूच मारलायस ना?"

मी थर्मासमधला चहा ओतून टाकला
आणि खडकाच्या खोबणीत साचलेल्या गारा
बोटं बधिर होईपर्यंत आत भरल्या.

फाटकावर रजिस्टर मीच उघडलं.
शिखर: नाही.
परतण्याचं कारण: पाऊस.
मग उरलेल्या चिंचोळ्या जागेत, मुदत.
पांढरं दिसलं का, असा रकानाच नव्हता.

बाबांनी थर्मास कानाशी हलवला. पाणी.
एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला,
इतका वेळ, की मला वाटलं डुलकी लागली.
मग गिळून म्हणाले,
"हे आभाळातलं आहे गं, डोंगराचं नाही.
डोंगराचं दाताला लागतं."
आणि झाकण घट्ट लावून
थर्मास उशाशी ठेवला.